दोनशे अडुसष्टावं पान

कचेरीसमोरच्या रस्त्यावर कुठलीही बातमी दुपारच्या चहापलीकडे लपून राहत नाही. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या जावयाला साहेबांनी घरी बसवलं, कोणी केसांना रंग लावायला सुरुवात केली, सगळं कानोकान पोचतं. या रस्त्याला डोकेदुखी एकच होती : टायपिस्टबाई.

जिन्याखालच्या अरुंद खोलीत बाई तेहेतीस वर्षं बसत होती. घटस्फोटाचे अर्ज, मृत्युपत्रं, भाऊबंदकीचे दावे, निनावी तक्रारी, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. गावातली निम्मी भानगड रोज तिच्यासमोर आयती वाढली जायची, आणि बाई उपाशी! झेरॉक्सवाला तर तिला खोदून खोदून थकला.

"काय हो बाई, त्या कापडवाल्याचं काय झालं?"

"कोणत्या कापडवाल्याचं?"

"अहो, परवा नाही का तुमच्याकडून चार पानं टाइप करून घेऊन गेला!"

"चार नाही, पाच. डावीकडे समास दीड इंच."

लोकांना वाटायचं, बाई पोटात ठेवते. पोटात ठेवायला आधी तोंडात जावं लागतं, आणि तिथेच तर सगळं अडलं होतं. टायपिंग क्लासच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं, "शब्द वाचलास की बोट चुकलं. अक्षर बघ, अक्षर मार. अर्थ गिऱ्हाइकाचा." बाकीच्या मुलींनी ते परीक्षेपुरतं पाळलं. हिने जन्मभर. यंत्र जाऊन संगणक आला, तरी बाई बटणं अशी बडवायची की शेजारच्या चष्मेवाल्याच्या काचा थरथरायच्या. पण अक्षर डोळ्यांतून आत शिरायचं आणि बोटांतून बाहेर पडायचं, मध्ये कुठेही टेकायचं नाही. दाव्यात कोण हरलं, मृत्युपत्रात कोणाला वगळलं, तिला खरंच ठाऊक नसायचं. शपथेवर सांगितलं असतं तिने. कोणी विश्वास ठेवला नसता, ती गोष्ट वेगळी.

तिच्या कायमच्या गिऱ्हाइकांत एक कादंबरीकार होते. रहस्यकथा लिहायचे. रस्ता त्यांना 'खूनवाले' म्हणायचा आणि त्यांना ते मनातून आवडायचं. वर्षाला एक कादंबरी, कादंबरीत किमान तीन मुडदे. अक्षर मात्र असं की स्वतः लिहिलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी लागत नसे. गावात ते फक्त बाईला लागायचं, कारण बाई ते वाचतच नव्हती. एकेक अक्षर किडा उचलावा तसं उचलून ठेवत जायची.

गेल्या वर्षी त्यांनी चारशे पानांची चळत तिच्या टेबलावर आदळली. "बाई, या वेळी नुसते खून नाहीत. मनाच्या तळघरात उतरलोय. घराण्यात गाडलेलं गुपित आहे, मानसशास्त्र आहे..."

"दोन प्रती की तीन?" बाईने विचारलं.

चळतीच्या मध्यावर साठेक पानं वेगळ्या हातची होती. निळं बॉलपेन, अक्षर मोठं आणि सरळ. बाईला एवढंच जाणवलं की हे अकरा दिवस डोळे कमी दुखले. चारशे पानं झाली, तिने पार्सल बांधलं, बसस्थानकावर नेऊन प्रकाशकाच्या गावी जाणाऱ्या गाडीत चढवलं आणि दुसऱ्या दिवशी एका भाडेकराराला हात घातला.

आठ महिन्यांनी पुस्तक आलं आणि चक्क गाजलं. खूनवाल्यांची कादंबरी वर्तमानपत्रात नावाजली जाते म्हणजे काय! झेरॉक्सवाल्याने वाचली, चष्मेवाल्याच्या बायकोने वाचली. वाचली नाही ती बाईने. आणि तिच्या वहिनीने एका बैठकीत वाचून संपवली.

वहिनी म्हणजे रहस्यकथांची पट्टीची वाचक. आमटी उतू जाईल, पण खुनी कोण ते कळल्याशिवाय उठायची नाही. ती दुपारी तीन वाजता, पावडर न लावता, घरातल्या चपला घालून जिन्याखाली येऊन थडकली.

"वन्सं, हे तुम्ही सांगितलंत त्या मेल्याला?"

"काय सांगितलं?"

"घरातलं! सगळं! पाण्याच्या टाकीखालचं ते सरकारी घर, लोखंडी जिन्याच्या सतरा पायऱ्या, शिट्टी वाजवून पोरांना जेवायला बोलावणारा बाप! दुसऱ्या कोणाचा बाप जेवायला शिट्टी वाजवतो?"

बाईचे वडील, अप्पा, पाणीपुरवठ्याच्या टाकीवर राखणदार होते. शिट्टी ते खरंच वाजवायचे.

"मी कशाला सांगू? मी टाइप केलं फक्त."

"टाइप केलंत म्हणजे वाचलंतच ना!"

"नाही वाचलं."

"चारशे पानं?"

"चारशे बारा."

वहिनीने कपाळावर हात मारला. इथे जरा वहिनीचीही बाजू घेतली पाहिजे. तिचा नवरा, म्हणजे बाईचा मधला भाऊ, तसा सालस माणूस. पण खुर्चीवर कोणी शर्टपँटची घडी ठेवलेली दिसली की तो पिसाळायचा. "उचल! आधी उचल ते!" तीस वर्षांच्या संसारात वहिनीने या खुळापायी किती टोमणे मारले, किती अबोले धरले. आणि आज कादंबरीत एकशे नव्वदाव्या पानावर तिला कारण सापडलं होतं.

तिने सांगितलं ते असं. टाकी साफ करायला एक मजूर आत उतरलेला असताना राखणदाराने न बघता पाणी सोडलं. मजूर गेला. राखणदाराच्या थोरल्या मुलाने ते पाहिलं होतं. बाप म्हणाला, "चौकशीत सांग, चावी त्या मजुरानेच फिरवली." पोरगा म्हणाला, "नाही सांगणार." चौकशीच्या आदल्या दिवशी बापाने त्याला गाडीत बसवून दिलं आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून बजावलं. मग त्याच्या शर्टपँटची घडी मधल्या मुलाच्या हातात दिली आणि सांगितलं, "नदीवर नेऊन ठेव." मधला अकरा वर्षांचा होता. त्याने नेऊन ठेवली. गावाने मानलं, थोरला बुडाला.

"पुढे त्या खूनवाल्याने जुळे भाऊ आणि वेडी आत्या घुसडलीय," वहिनी म्हणाली. "ते सोडा. पण हे खरं आहे ना?"

बाईचा थोरला भाऊ, दादा, ती नऊ वर्षांची असताना नदीत बुडाला होता. निदान सत्तेचाळीस वर्षं तिला तसंच ठाऊक होतं.

"मला काय माहीत!" ती ओरडली. तेहेतीस वर्षांत त्या खोलीतून आलेला हा पहिला मोठा आवाज. झेरॉक्सवाल्याने यंत्र बंद केलं.

"मग दोनशे अडुसष्टावं पान वाचा. आत्ता. माझ्यासमोर."

बाईने पुस्तक घेतलं. च, ि, म, े, स्वल्पविराम. ह, े. डोळे अक्षरं उचलत होते आणि आत काही उतरत नव्हतं. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बोटं टेबलाच्या कडेवर नाचायला लागली. तिसऱ्या वेळी तिने पुस्तक आपटलं.

"मला नाही येत! तुम्ही वाचा!"

वहिनीने दार लोटलं, म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या कानाचं नुकसान झालं, आणि वाचलं.

'चिमे, हे पान तुझ्यासाठी. बाकीची कादंबरीवाल्यांसाठी आहेत, त्यांचं त्यांना काय हवं ते करू दे. मी बुडालो नाही. घरी दोनदा पत्र टाकलं, दोन्ही परत आली. म्हणून हा आडरस्ता. यांचे कागद तू टाइप करतेस असं कळलं, म्हणजे हे तुझ्या हाताखालून जाणारच. फेब्रुवारीतले चारही शनिवार तुमच्या बसस्थानकावर सहा नंबरच्या फलाटासमोर बाकावर बसेन, चार ते सहा. आलीस तर बरं. नाही आलीस तर तुला नको आहे असं धरून चालेन. राग नाही. पुन्हा त्रास देणार नाही. हे पान काढून घे, टाइप करू नकोस.'

काढून घे, टाइप करू नकोस. हेसुद्धा तिने टाइप केलं होतं. पूर्णविरामासकट.

"चिमी कोण?" वहिनीने हळूच विचारलं.

आई गेल्यापासून त्या नावाने बाईला कोणी हाक मारली नव्हती. ती भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं फेब्रुवारीपर्यंत उलटत गेली. तिसऱ्या शनिवारी तिच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'पार्सल, ५ ची गाडी.' ते पार्सल हेच. त्या संध्याकाळी ती सहा नंबरच्या फलाटावर उभी राहून हमालाशी हुज्जत घालत होती. बाकाकडे पाठ करून.

गावभर लोकांनी हे पत्र वाचलं होतं. चष्मेवाल्याची बायको म्हणे त्यावर रडली होती. ज्या बाईला ते लिहिलं, तिला सर्वांत शेवटी कळलं, तेही वहिनीच्या तोंडून.

संध्याकाळी ती मधल्या भावाच्या, म्हणजे भाऊच्या, घरी गेली. तो बाल्कनीत पाण्याची बाटली घेऊन बसला होता; बहुधा वहिनीने आधीच एक फैर झाडली असावी.

"पत्रं आली होती?"

"आली होती."

"दोन?"

"दोन. एक अप्पा असताना, एक ते गेल्यावर."

"काय लिहिलं होतं?"

"अक्षर दादाचं होतं, म्हणून उघडलीच नाहीत. 'या पत्त्यावर राहत नाही' असं लिहून परत दिली."

"कुठून आली होती? शिक्का बघितला असशील ना पोस्टाचा?"

"नाही बघितला."

"अरे, गाव तरी? एखादं अक्षर तरी?"

"नाही बघितला म्हणतो ना! त्याचं नाव काढायचं नाही अशी अप्पांनी शपथ घातली होती."

"दुसऱ्या पत्राच्या वेळी अप्पा मेले होते!"

"म्हणून शपथ मेली का?" भाऊ एकदम उठला. "तुला काय, तू नऊ वर्षांची होतीस, लाडू खात होतीस. कपडे मी नेले. आई नदीवर जाऊन ती घडी छातीशी धरून बसली होती, तिच्याकडे बघत मी उभा होतो. पत्र उघडलं असतं आणि तो जिवंत निघाला असता, तर मला आईला काय सांगता आलं असतं?"

"आईला सांगता आलं असतं की तो जिवंत आहे, गाढवा!"

भाऊ आत गेला आणि त्याने कडी लावली. बाई बंद दाराशी आणखी पाच मिनिटं भांडली. वहिनी मध्ये उभी राहून दोघांनाही "हळू, हळू" म्हणत होती, पण एक अक्षर सुटू देत नव्हती.

उरले खूनवाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यांच्याकडे गेली, तर ते तिच्याहून वैतागलेले.

"बाई, माझी थट्टा चाललीय! जो येतो तो दोनशे अडुसष्टाव्या पानाची तारीफ करतो. चारशे पानं मी घाम गाळला, आणि जे पान नावाजलं जातं ते माझं नाहीच!"

"कोणाचं आहे?"

मग कळलं. दीड वर्षापूर्वी ते परगावी दवाखान्यात मुतखड्यासाठी पडले होते. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा. त्याने गोष्ट सांगितली, खूनवाल्यांची लाळ गळली. यांनी बोलता बोलता टायपिस्टबाईची कौतुकं सांगितली, कचेरीसमोर बसते, टाकीवाल्याची मुलगी. तेव्हा म्हातारा म्हणाला, सगळं लिहून पाठवतो. महिन्याभराने पाकीट आलं. आणि खूनवाल्यांनी, घाईत होते हो, ते न वाचताच चळतीत मधोमध खोचलं.

"न वाचता?" बाई म्हणाली.

"तुम्ही तरी कुठे वाचलंत?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"छापून आल्यावर वाचलं मी ते पान. मला वाटलं, म्हाताऱ्याने कादंबरीत कल्पकता दाखवली. जळफळाटही झाला थोडा."

"पत्ता द्या."

"पाकिटावर पत्ता नव्हता. दवाखान्यात विचारलं, तर रुग्णाची माहिती देत नाहीत म्हणाले. नाव त्याने मला वेगळंच सांगितलं होतं."

बाईला वाटलं, यांच्या पुढच्या कादंबरीत चौथा मुडदा यांचाच पडावा आणि तो आपल्या हातून. एक माणूस पत्र परत पाठवतो, दुसरा पाकीट न वाचताच खोचून देतो, तिसरी अक्षरं मोजत बसते! दादाच्या वाटेत चांगल्या तीन गाळण्या आल्या आणि तो प्रत्येकीत अडकला.

"दुसरी आवृत्ती निघतेय ना?" तिने विचारलं. "तिच्यात माझं एक पान जाईल. दोनशे अडुसष्टच्या लगेच पुढे. तो हे पुस्तक बघणारच. स्वतःची गोष्ट छापलीय म्हटल्यावर कोण बघत नाही?"

"शक्य नाही! अनुत्तरित पत्र हाच म्हणे कादंबरीचा आत्मा आहे. वर्तमानपत्रात लिहिलंय!"

"मग तुमची नवी कादंबरी दुसरीकडे टाइप करून घ्या."

खूनवाल्यांनी टेबलावरच्या आपल्या नव्या हस्तलिखिताकडे बघितलं. वरचंच पान त्यांना लागेना.

"निदान त्या उत्तरात," ते क्षीण आवाजात म्हणाले, "एखादं प्रेत..."

"नाही."

त्या एका पानाने बाईची चाळण झाली. दुसऱ्याच्या वतीने तिने हजारो पानं बडवली होती, स्वतःचं वाक्य कधी नाही. 'सविनय सादर' असं पहिल्यांदा उमटलं. ते खोडलं. मग 'खाली सही करणार' आलं. तेही खोडलं. चार दिवस खोलीतून नुसतं खट, आणि मग बराच वेळ काही नाही. रस्त्यावरची मंडळी कासावीस झाली. शेवटी छापलं गेलं ते एवढंच :

'दादा, मी पान वाचलं नाही, टाइप केलं. नको होतास असं नाही. आता दर शनिवारी मी त्याच बाकावर बसते, चार ते सहा. अंतिम तारीख नाही. चिमी.'

दुसरी आवृत्ती आली आणि बाई शनिवारचं दुकान लवकर बंद करून बसस्थानकावर जाऊ लागली. पहिल्या शनिवारी बाकावर जागाच नव्हती. सात वाचक येऊन बसले होते. चष्मेवाल्याची बायको डबा घेऊन आली होती.

"अय्या, म्हणजे खरंच आहे! आम्ही म्हटलं, बघून तरी येऊ."

"उठा," बाई म्हणाली. "सगळे उठा. म्हाताऱ्या माणसाने बसायचं कुठे?"

ते उठले, पण गेले नाहीत. वडापच्या जीपची वाट बघत असल्यासारखे जरा लांब घोळका करून उभे राहिले. कोणी म्हातारा पिशवी घेऊन उतरला की सगळ्यांच्या माना वळायच्या. बिचारे म्हातारे घाबरून वाट बदलायचे. बाईने एकाला अडवलं, "तुमच्या घरी पाण्याची टाकी..." तो म्हणाला, "मला काही विकत घ्यायचं नाही."

तेव्हा तिला खरी अडचण कळली. ती कोणाला शोधत होती? एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, तिला खांद्यावर घेऊन सतरा पायऱ्या मोजणारा दादा. चेहरा तर आठवतच नव्हता. फोटो अप्पांनी जाळले होते. उद्या तो समोरून निघून गेला तरी कळणार नव्हतं. आणि तो तिला ओळखणार कसा, या घोळक्यात? छप्पन्न वर्षांची जाड भिंगाची बाई, आणि शेजारी चष्मेवाल्याची बायको तशाच भिंगाची.

दादाचा चेहरा पाहिलेला, तो नीट लक्षात ठेवलेला, सत्तेचाळीस वर्षं डोळ्यांपुढून हलू न दिलेला माणूस जगात एकच उरला होता. आणि त्याने कडी लावली होती.

तीन शनिवार बाईने स्वतःच्या हट्टात घालवले. चौथ्या शनिवारी सव्वाचारला तिने वहिनीला फोन लावला.

"त्याला पाठवा."

"येणार नाही ते. त्या दिवसापासून बोलत नाहीत कोणाशी. शर्टाच्या घड्या मात्र स्वतः घालायला लागलेत, काय कळेना."

"फोन द्या त्याला." मग पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. "भाऊ, ऐक. मला दादा ओळखता येत नाही. तुला येतो. माफी वगैरे काही मागू नकोस, मला वेळ नाही. नुसता येऊन बस आणि बघ."

फोन बंद झाला. बाईने फोनला एक शिवी हासडली, घोळक्याने ती पाठ करून घेतली.

पाचला दहा कमी असताना भाऊ आला. घरातल्याच लेंग्यावर. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. बहिणीकडे त्याने बघितलंही नाही. गाडी लागली, माणसं उतरली.

"हा?" बाईने विचारलं.

"नाही."

"तो काठीवाला?"

"नाही. दादाचा डावा कान पुढे होता."

पाचची गाडी आली, सव्वापाचची आली. "नाही." "नाही." "अगं, ती बाई आहे." घोळका पांगायला लागला, चष्मेवाल्याच्या बायकोचा डबाही संपला होता. साडेपाचच्या गाडीतून शेवटी एक उंच म्हातारा उतरला, पायरीवर थांबला, कंडक्टरने हात दिला तो त्याने झटकला. बगलेत जाडजूड पुस्तक.

"हा?" बाई म्हणाली.

भाऊ बोलला नाही.

"अरे, हा की नाही? तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस? बोल की!"

भाऊ उठून उभा राहिला होता. लेंग्याची नाडी घट्ट धरून, अकरा वर्षांच्या पोराने बापापुढे उभं राहावं तसा. आणि म्हातारा बाईकडे नाही, त्याच्याचकडे बघत सावकाश फलाट ओलांडून येत होता.